कठीण वचन कोणासाठी? वाचकांची पत्रे आणि उत्तरे

या महिन्यात निवडलेली पाचही पत्रे कोकण किनाऱ्यावरची आहेत. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या या वाचकांत कॅथलिक आहेत तसे प्रॉटेस्टंटही आहेत. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि कोणाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. पाचही पत्रांत बायबलमधील एखादे वचन आले आहे, आणि ते कोणाला उद्देशून म्हणावे, यावरच प्रत्येक ठिकाणी गाडे अडले आहे. कठोर वचन आधी स्वतःला वाचून दाखवावे आणि सांत्वनाचे वचन घेऊन आधी शेजाऱ्याच्या दारी जावे, असे माझे मत आहे. उत्तरे त्याच दृष्टीने लिहिली आहेत.

प्रश्न : वडील मृत्युपत्र न करता वारले. गावचे चिरेबंदी घर, माडांची बाग आणि काजूची जमीन सामाईक आहे. मुंबईला असलेल्या थोरल्या भावाने मे महिन्यात येऊन मधला गडगा पाडला आणि माझ्या कब्जातील काजूत दोन हात आत नवा बांधला. बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्याच आहेत, त्यामुळे त्यांचा प्रश्न नाही. मी दावा लावावा असे वकील म्हणतात. पण ख्रिस्ती माणसाने भावाविरुद्ध कोर्टात जाऊ नये असे पौलाने लिहिले आहे, असे आमचे पाळक सांगतात. मी काय करावे? (मालवण तालुका)

उत्तर : आपल्यावर अन्याय झाला आहे, हे प्रथम स्पष्टपणे म्हणायला हवे. शेजाऱ्याची सीमा सरकवणाऱ्याला बायबलमधील 'अनुवाद' या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात शाप आहे, आणि तो शाप उच्चारल्यावर सर्व लोकांनी 'आमेन' म्हणावे अशी तेथे आज्ञा आहे. म्हणजे जमिनीची मेर हा दोन भावांपुरता खासगी मामला आहे असे शास्त्र मानत नाही. सगळ्या समाजाने त्याची साक्ष ठेवायची असते.

पाळकांनी सांगितलेला उतारा प्रेषित पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातील आहे आणि तो खरोखरच कठीण आहे, कारण तुम्ही त्यापेक्षा अन्याय का सोसून घेत नाही, असा प्रश्न पौल तेथे सरळ विचारतो. मात्र त्याच्या दोनच ओळी आधी तो आणखी एक प्रश्न विचारतो, आणि तो सहसा कोणी वाचून दाखवत नाही : ज्याला भावाभावांचा निवाडा करता येईल असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही काय? हा प्रश्न मंडळीला, म्हणजे चर्चच्या समुदायाला आहे, फिर्यादीला नव्हे. त्यामुळे पाळकांनी आपल्याला कोर्टात जाऊ नका असे सांगितले असेल, तर निवाड्याला बसण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली आहे. दोघा भावांना मान्य असतील अशी दोन वडीलधारी माणसे नेमावीत, भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्यावी आणि मोजणीचा नकाशा समोर ठेवून बोलावे. एवढे करूनही भाऊ ऐकत नसेल, तर दिवाणी न्यायालयात जाणे म्हणजे विश्वास सोडणे असे मी मानत नाही. खुद्द पौलाने आपल्यावरील खटल्यात कैसराकडे, म्हणजे रोमच्या बादशहाकडे दाद मागितली होती, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या पंचविसाव्या अध्यायात नोंदले आहे.

पण आपल्या पत्रातील एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. बहिणींनी सह्या केल्याच आहेत, त्यामुळे त्यांचा प्रश्न नाही, असे आपण लिहिले आहे. तो प्रश्न आहे. लूकच्या बाराव्या अध्यायात एक जण येशूकडे येऊन म्हणतो की, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. त्याची तक्रार खोटी होती असे येशू म्हणत नाही, पण त्याची वाटणी करून द्यायचेही नाकारतो आणि लोभापासून सांभाळा असे सांगून कोठारे मोठी बांधणाऱ्या धनवानाचा दाखला देतो. या प्रसंगातील अवघड बाब अशी की, हा इशारा ज्याने हिस्सा दाबला त्या गैरहजर भावाला मिळालेला नाही. आपल्यावर अन्याय झाला असे सांगत आलेल्या माणसालाच तो मिळाला आहे. माझे गेले एवढ्याकडेच डोळे लागले की माझ्याकडून कोणाचे गेले ते दिसेनासे होते, आणि कोकणातील भाऊबंदकीच्या कित्येक दाव्यांत हेच घडताना दिसते.

मृत्युपत्राशिवाय वारलेल्या ख्रिस्ती व्यक्तीच्या मिळकतीला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो आणि त्यात मुलगा व मुलगी यांचा हिस्सा समान आहे. आई हयात असेल तर एक तृतीयांश तिचा आणि उरलेला मुलांमध्ये सारखा वाटला जातो. शास्त्राकडे पाहिले तर ईयोबाच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात तो आपल्या तीन मुलींना त्यांच्या भावांबरोबर वतन देतो. आणि गणनाच्या सत्ताविसाव्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर उभ्या राहून बापाचा वाटा मागतात, तेव्हा त्यांचे म्हणणे रास्त आहे असे परमेश्वर सांगतो. त्या मुलींना भाऊ नव्हता हे खरे. ईयोबाच्या मुलींना मात्र होते. आपल्या बहिणींनी सह्या मनापासून केल्या, की माहेर तुटू नये म्हणून केल्या? भाऊबिजेला येणे बंद होईल या भीतीने दिलेली सही कायद्याच्या कसोटीला कदाचित उतरेल, पण वेदीपुढे ती उतरणार नाही. मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू सांगतो की अर्पण वेदीजवळ आणल्यावर तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेव आणि आधी समेट कर. दुसऱ्याच्या मनात माझ्याविरुद्ध काय आहे, हे तेथे आठवायचे आहे.

तेव्हा मोजणीचा अर्ज जरूर करा, पण त्याआधी बहिणींकडे एकटे जा, नातलगांना बरोबर नेऊ नका, आणि त्यांना काय वाटते ते विचारा. त्या हसून नको म्हणाल्या, तर आठ दिवसांनी पुन्हा विचारा. त्यानंतर थोरल्या भावासमोर बसाल तेव्हा आपल्या बोलण्याला वेगळे वजन येईल.

प्रश्न : माझा धाकटा मुलगा मासेमारीला गेला तो परत आला नाही. होडी मिळाली, तो मिळाला नाही. चर्चमधल्या बाया येतात आणि म्हणतात, देवाची इच्छा, सगळे मिळून कल्याणच होते असे बायबलात आहे, रडू नको. मला प्रार्थना करवत नाही. चर्चमध्ये मिस्साच्या उपासनेला उभी राहते, पण गीताचे शब्द तोंडातून फुटत नाहीत आणि देवाचा राग येतो. हे पाप आहे का? (वसईच्या किनाऱ्यावरील कोळी भगिनी)

उत्तर : ताई, हे पाप नाही.

आपल्याला ऐकवले गेलेले वचन रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातील आहे. ते खरे आहे आणि मी ते मानतो. मात्र त्या वचनाच्या आधीच्या ओळींत पौल सांगतो की सारी सृष्टी प्रसूतीच्या वेदनांनी कण्हत आहे, आपणही कण्हत आहोत, आणि काय मागावे हे आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनवणी करतो. आपल्याला प्रार्थना करवत नाही असे आपण लिहिता. ज्याला प्रार्थना करवत नाही अशाच माणसासाठी त्या ओळी लिहिल्या आहेत. मिस्सामध्ये आपण नुसत्या उभ्या राहता, तेवढे पुष्कळ आहे.

रागाबद्दल लिहितो. येशूचा मित्र लाजर वारला तेव्हा येशू उशिरा पोहोचला. लाजराची बहीण मार्था त्याला म्हणाली की आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. थोड्या वेळाने दुसरी बहीण मरीया आली आणि तिनेही अगदी तेच म्हटले. ही तक्रारच आहे, आणि ती तोंडावर केलेली आहे. मार्थेला येशूने पुनरुत्थानाविषयी सांगितले. मरीया रडत होती, तिला त्याने काहीही समजावून सांगितले नाही, आणि त्यानंतर योहानाने एवढेच लिहिले आहे : "येशू रडला." काही क्षणांनी लाजर उठणार आहे हे माहीत असलेला प्रभू जर थडग्याच्या वाटेवर रडतो, तर आपल्या आईपणाला 'रडू नको' म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही.

स्तोत्रसंहितेतील अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आपण कधी वाचले आहे का? बहुतेक विलापाच्या स्तोत्रांत शेवटी आशेचा एखादा शब्द येतो; या स्तोत्रात तो येत नाही आणि ते अंधारातच संपते. ज्यांनी स्तोत्रांचा हा संग्रह केला त्यांनी ते वगळले नाही, आणि शेकडो वर्षे मंडळी ते प्रार्थना म्हणून म्हणत आली आहे. गाणे फुटत नसेल तेव्हा हे स्तोत्र कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या. वादळात सापडलेल्या शिष्यांनीही येशूला झोपेतून उठवून, आम्ही बुडत आहोत याची आपल्याला पर्वा नाही का, असे विचारले होते. त्याने त्यांच्या अविश्वासाबद्दल त्यांना बोल लावला हे खरे, पण तो वाऱ्याला शांत करून झाल्यावर. तोवर त्यांना होडीतून उतरवले नव्हते.

मुलगा मिळाला नाही, हे आपले दुःख दुहेरी आहे. फुले वाहायला क्रूस नाही, बसायला जागा नाही. म्हणून आणखी एक ओळ कळवतो. प्रकटीकरणाच्या विसाव्या अध्यायात, शेवटच्या दिवसाच्या वर्णनात, समुद्राने आपल्यामधील मृतांना बाहेर सोडले असे लिहिले आहे. मातीत ठेवलेल्यांचा हिशेब जसा देवाकडे आहे, तसाच पाण्यात राहिलेल्यांचाही आहे. मृतदेह नसतानाही मृतांसाठी मिस्सा अर्पण करता येते. आपल्या फादरांशी बोला आणि मुलाच्या नावाने ती मागून घ्या.

त्या घरी येणाऱ्या बायकांनाही सांगायचे आहे. संकटात सापडलेल्या ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. त्यांच्या हातून घडलेली सर्वांत चांगली गोष्ट ती एवढीच. तोंड उघडून देवाच्या वतीने कारणे देऊ लागले, तेव्हा शेवटी परमेश्वराचा कोप त्यांच्यावर झाला आणि ईयोब योग्य बोलला असे परमेश्वरानेच सांगितले. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात 'शोक करणाऱ्यांबरोबर शोक करा' अशी आज्ञा आहे, आणि ती पाळायला एकही वचन पाठ असावे लागत नाही. कालवण करून घेऊन जा, भांडी घासा, जाळे आणि होडीचे कर्ज यांच्या कागदपत्रांसाठी ताईंबरोबर कार्यालयात जा.

प्रश्न : ३ जून २०२० रोजीच्या निसर्ग चक्रीवादळात आमची माड-पोफळीची वाडी आडवी झाली. तेव्हापासून नातेवाईक मोबाइलवर एकच वचन पाठवतात : तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. नव्याने लावलेल्या पोफळींपैकी पुष्कळ रोपे मेली, उरलेली आता कुठे धरू लागली आहेत. या वचनावर विश्वास कसा ठेवावा? (रेवदंडा परिसर)

उत्तर : ते वचन यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या एकोणतिसाव्या अध्यायातील अकरावे आहे आणि ते एका पत्रातले आहे. यरुशलेमहून बाबेलला बंदिवान म्हणून नेलेल्या लोकांना यिर्मयाने ते पत्र पाठवले. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा लोकांना सांगत होता की दोन वर्षांत सगळे पूर्ववत होईल. ते ऐकायला गोड होते आणि खोटे होते. यिर्मयाने सत्तर वर्षे लागतील असे लिहिले. म्हणजे चाळिशीच्या ज्या माणसाने ते पत्र ऐकले, त्याला आपण परत जाणार नाही हे त्याच क्षणी कळले असेल. हिताचे संकल्प अशा माणसाला सांगितलेले आहेत.

आणि त्याच पत्रात, त्या प्रसिद्ध ओळीच्या सहा ओळी आधी, देव त्यांना काय करायला सांगतो? घरे बांधा व त्यांत राहा, बागा लावा आणि त्यांची फळे खा. आपण जे केले ते नेमके हेच आहे. पोफळ धरायला पाच-सात वर्षे लागतात हे माहीत असूनही ज्याने वादळानंतर रोपे लावली, मेलेल्यांच्या जागी पुन्हा लावली आणि रोज वाडी शिंपली, त्याने त्या वचनावर विश्वास ठेवलेला आहे; मग मनाला तो जाणवो वा न जाणवो. नातेवाइकांना एवढेच कळवा की वचन पाठवता त्याबद्दल आभार, पुढच्या पावसाळ्याआधी आळी करायला दोन दिवस या.

प्रश्न : नवरा दारू पिऊन मारतो. माहेरी गेले तर सासरची माणसे आणि चर्चमधील वडीलधारी येऊन सांगतात, सत्तर वेळा सात क्षमा करायला प्रभूने सांगितले आहे, परत जा. दोनदा परत गेले. (गाव छापलेले नाही)

उत्तर : ताई, तिसऱ्यांदा जाऊ नका. आधी सुरक्षित जागी राहा, मग पुढचे वाचा.

सत्तर वेळा सात हे शब्द मत्तयच्या अठराव्या अध्यायात आहेत. त्याच अध्यायात, भावाला किती वेळा क्षमा करावी या शिष्य पेत्राच्या प्रश्नाच्या अगदी आधी, अपराध करणाऱ्या भावाचे काय करायचे याची पद्धत येशूने घालून दिली आहे : त्याला एकांतात सांग, ऐकले नाही तर एक-दोघांना साक्षीला घेऊन सांग, तरी ऐकले नाही तर मंडळीला कळव, मंडळीचेही ऐकले नाही तर त्याला बाहेरचा समज. आपल्याकडे आलेल्या वडीलधाऱ्यांनी हा अर्धा अध्याय वगळला. नवऱ्यापुढे साक्षीदार म्हणून उभे राहण्याचे त्यांचे काम त्यांनी केले नाही आणि त्याचे ओझे आपल्या पाठीवर ठेवले. वाहण्यास अवघड अशी ओझी लोकांच्या खांद्यांवर देऊन स्वतः बोटही न लावणाऱ्यांविषयी येशू मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात काय म्हणतो, ते त्यांनी वाचावे. आणि पत्नीने अधीन असावे हे इफिसकरांस पत्रातून ज्यांना पाठ आहे, त्यांनी त्याच परिच्छेदातील, पतीने पत्नीवर स्वतःच्या शरीराप्रमाणे प्रीती करावी, हे वाक्यही म्हणून दाखवावे.

क्षमा केली म्हणजे माराखाली परत जायचे, असे शास्त्रात कोठेही नाही. आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाला ठार मारण्याची संधी दाविदाने सोडून दिली, त्याचा भाला आणि पाण्याचा चंबू उचलून तो दूर डोंगरमाथ्यावर जाऊन उभा राहिला. शौल कळवळून म्हणाला की माझ्या मुला, परत ये, मी तुला यापुढे अपाय करणार नाही. दाविदाने उत्तर दिले की हा भाला घ्यायला एखाद्या तरुणाला पाठव. तो स्वतः गेला नाही. पहिल्या शमुवेलाचा सव्विसावा अध्याय संपतो तेव्हा दावीद आपल्या वाटेने गेलेला आहे आणि शौल आपल्या ठिकाणी. त्याने सूड घेतला नाही आणि विश्वासही ठेवला नाही, आणि या दोन्हीबद्दल शास्त्र त्याला दोष देत नाही.

२००५ च्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियमाखाली आपल्याला संरक्षणाचा आदेश, राहण्याचा हक्क आणि निर्वाहाचा खर्च मागता येतो. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. तेथे फोन करणे हा चर्चचा अपमान नाही.

प्रश्न : आमची हापूसची कलमे आहेत. एप्रिल-मे मध्ये फळ तयार झाले की थांबत नाही. रविवारी तोड बंद ठेवली तर पेट्या चुकतात आणि वाशीचा भाव हातचा जातो. आम्ही सकाळी उपासनेला जाऊन मग बागेत जातो. यात शब्बाथाची, म्हणजे विसाव्याच्या दिवसाची, आज्ञा मोडते का? (देवगड तालुका)

उत्तर : आपण उपासनेला जाता, म्हणून स्वतःपुरती काळजी करू नका. खड्ड्यात पडलेल्या बैलाला शब्बाथ दिवशी बाहेर काढणार नाही असा कोण आहे, असे येशूनेच विचारले होते, आणि तयार झालेले फळ झाडावर वाया जाऊ द्यावे असे मी सांगणार नाही. मनुष्यासाठी शब्बाथ झाला, शब्बाथासाठी मनुष्य झाला नाही, हे मार्कच्या दुसऱ्या अध्यायात आहेच. आणि दिवस पाळण्याबाबत एकमेकांना दोष लावू नये असे रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय सांगतो.

पण दहा आज्ञा बायबलमध्ये दोनदा आल्या आहेत आणि शब्बाथाचे कारण दोन्हीकडे वेगळे दिले आहे. निर्गमात ते सृष्टीच्या निर्मितीचे आहे. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात मात्र म्हटले आहे की तुझ्या दासाला आणि दासीला तुझ्यासारखाच विसावा मिळावा, कारण तू स्वतः मिसर देशात दास होतास. आपल्या पत्रात 'आम्ही' हा शब्द अनेकदा आला आहे; आंबे उतरवायचा झेला घेऊन कलमावर चढणारे, रात्रभर माकडांची आणि चोरांची राखण करणारे, नेपाळहून येऊन हंगामभर बागेतल्या खोपीत राहणारे गडी यांचा उल्लेख एकदाही नाही. आपला रविवार सकाळी चर्चमध्ये थोडा तरी पाळला जातो. त्यांचा कोणता वार आहे?

त्यांच्यापैकी बहुतेक जण ख्रिस्ती नसतील, आणि त्यामुळे आज्ञेत काही फरक पडत नाही. तिच्यात उपऱ्याचाही उल्लेख आहे, बैलगाढवांचासुद्धा आहे. हंगामात रविवारी तोड करणे भागच असेल तर गड्यांना आळीपाळीने आठवड्यात एक पूर्ण दिवस मजुरीसह सुट्टी द्यावी, आणि तो कोणता असावा हे त्यांनाच विचारावे. मजुरी आंब्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आल्यावर देण्याची जी रीत आहे ती बदलता येते का, तेही पाहावे. मजुराचे वेतन सूर्य मावळण्याआधी द्यावे असे अनुवादात आहे, आणि याकोबाच्या पत्रात, कापणी करणाऱ्यांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीची ओरड परमेश्वराच्या कानी गेली आहे, असे स्पष्ट लिहिले आहे. सगळी रक्कम रोज देणे जमत नसेल तर दर आठवड्याचा हिशेब त्या आठवड्यातच पुरा करावा. यंदाचा मोहोर चांगला असेल तर हा बदल पहिल्या तोडीपासूनच सुरू करता येईल.